चेकिंगवाल्या बाई

चेकिंगवाल्या बाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, त्या थेट माझ्या सासऱ्यांच्या पलंगावर जाऊन झोपल्या.

म्हणजे अगदी लगेच नाही. आधी चपला काढल्या, हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, आमच्या टॉवेलचा वास घेतला, तो परत दांडीवर टाकला आणि हात पदराला पुसले. मग बाबांना खुर्चीत बसवायला सांगितलं, आपल्या पिशवीतून घडी घातलेली चादर काढली, ती रिकाम्या पलंगावर अंथरली आणि पाय लांब करून आडव्या झाल्या. पंख्याकडे बघत म्हणाल्या, "हां. आता मी पेशंट. मला कुणी काही समजावून सांगू नका."

माझ्या सासूबाई नाचणीच्या आंबिलाची वाटी घेऊन दारातच थबकल्या. त्या मूळच्या मालवणकडच्या, बोलण्यात कुणाला हार जाणाऱ्या नव्हेत. पण परकी बाई घरात येते आणि आपल्या नवऱ्याच्या पलंगावर ऐसपैस झोपते, यावर काय बोलावं हे त्यांनाही सुचेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. निदान त्यावरची धूळ तरी मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

आमच्याकडे डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला, घरी पेशंट सांभाळायला माणसं देणारे ब्यूरो आता किराणा दुकानांइतके झाले आहेत. सकाळी फोन केला की संध्याकाळी माणूस दारात. तो कसा निघेल हे मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर. आमच्या ब्यूरोवाल्याने त्यातल्या त्यात एक शहाणपण केलं होतं. एका सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या या बाईंना त्याने घरोघरी जाऊन तपासणी करायला ठेवलं होतं. ठेवलं त्याने आणि पस्तावतही तोच होता. कारण बाई त्याच्या माणसांपेक्षा पेशंटच्या घरच्यांनाच जास्त नापास करायच्या, आणि मग घरचे फोन करून त्याला झापायचे.

त्यांचं नाव मला माहीत होतं, पण ते कुणी वापरत नसे. सगळे "चेकिंगवाल्या बाई" म्हणायचे आणि त्याही फोनवर स्वतःची ओळख तशीच करून द्यायच्या. उंच, चांगल्या दणकट, सुती साडी, मनगटावर घड्याळ उलटं, म्हणजे तबकडी आतल्या बाजूला. ही जुन्या नर्सेसची सवय. त्या इथल्याच, गावठाणातल्या. आजोबांची भातशेती होती, खाडीकडे मिठागरात हिस्सा होता. आता पुतण्यांनी शेतावर लिफ्टवाल्या बिल्डिंगा उभ्या केल्या होत्या. तेव्हा या वयात दुसऱ्यांचे जिने चढायची बाईंना काहीच गरज नव्हती. बोलणं इस्पितळातलं, स्वच्छ. पण राग आला किंवा माया आली की गावची बोली बाहेर पडायची, आणि यातलं नक्की काय आलंय ते ऐकणाऱ्याला चटकन कळायचं नाही.

"उभ्या माणसाला काही दिसत नाही," हे त्यांचं पेटंट वाक्य. सेवा कशी चालली आहे ते बघायला आलेला माणूस उभा राहतो, चादर पांढरी आहे का बघतो, औषधं ओळीत आहेत का बघतो, चहा पितो आणि जातो. पेशंट बघतो ते छत, पंखा आणि वाकून बोलणाऱ्यांच्या नाकपुड्या. पाण्याची बाटली हाताच्या टप्प्याबाहेर आहे, ट्यूबलाइट डोळ्यांत घुसते आहे, चादरीची चुणी पाठीखाली रुतते आहे, हे उभ्याने कसं कळणार? म्हणून बाई झोपायच्या.

ही पद्धत कुठून आली, याची एक गोष्ट त्या सांगायच्या. एकदा त्यांचाच पाय मोडला होता आणि त्या कित्येक दिवस अंथरुणावर होत्या. सेवेला चांगली बाई होती, बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, वा, काय छान ठेवलंय तुम्हाला, आणि पाण्याचा तांब्या मात्र सगळा वेळ खिडकीत. मला सांगितलं तेव्हा पाय रिक्षातून पडून मोडला होता. दशरथमामांना सांगितलं तेव्हा तो मिठागराच्या बांधावरून घसरून मोडला होता. माझ्या सासूबाईंच्या वाट्याला बैल आला. तांब्या मात्र तिन्ही वेळा खिडकीतच होता, म्हणून मी गोष्ट खरी धरते.

दशरथमामा म्हणजे ब्यूरोने आमच्याकडे पाठवलेले गृहस्थ. कल्याणजवळच्या मोहने गावचे. तिथला मोठा कारखाना बंद पडल्यावर त्यांनी दहा ठिकाणची कामं केली आणि शेवटी पेशंट सांभाळायच्या कामात स्थिरावले. अबोल माणूस. बाईंच्या गोष्टी सांगताना मात्र त्यांना कंठ फुटायचा. कल्याणला एका आजींकडे ते कामाला असताना बाई तपासणीला गेल्या, पलंगावर झोपल्या आणि त्यांना खरोखरच गाढ झोप लागली. दुपारची वेळ, जेवण झालेलं. आजी बिचाऱ्या गॅलरीत खुर्चीवर ऊन खात बसल्या. आजींच्या सुनेने बाईंच्या अंगावर पांघरूण घातलं. तेवढ्यात लांबचे कुणी नातेवाईक आजींना बघायला आले. त्यांनी पांघरुणातला तो देह बघितला, हळू आवाजात "किती सूज आलीय हो चेहऱ्यावर" म्हणाले, मोसंब्यांची पिशवी उशाशी ठेवली आणि उठवू नका म्हणत निघूनही गेले. जाग आल्यावर बाईंनी अर्धी मोसंबी आजींना दिली आणि अर्धी स्वतः घेतली. "मला पेशंट म्हणून मिळालीत," म्हणाल्या. रिपोर्टात लिहिलं, गादी उत्तम.

आमच्याकडे त्या नंतर बऱ्याच वेळा आल्या. येण्याची वेळ कधीच कळवायच्या नाहीत. एकदा माझ्या नवऱ्याची, नितीनची, परीक्षा झाली. रविवारी दशरथमामांची सुट्टी असायची आणि नितीन बाबांना भरवायचा. बाई पलंगाची पाठ उंच करून बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "भरवा." नितीनने खिमटाचा एक चमचा दिला, दुसरा दिला, तिसरा दिला. त्याला मॅच बघायची होती. तिसऱ्या घासाला बाईंनी तोंड उघडं ठेवलं आणि सगळं खिमट हनुवटीवरून गळ्यावर सोडून दिलं. नितीन टॉवेल घेऊन धावला. बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "गिळायच्या आत पुढचा आला की असं होतं. माझं बाहेर आलं म्हणून तुम्हाला दिसलं. बाबांचं आत श्वासाच्या नळीत गेलं तर दिसणारही नाही." त्या दिवसापासून आमच्या घरात मॅच आणि भरवणं एका वेळी होत नाही.

एकदा मी चहा केला. बाईंना बशीसकट नवा कप दिला. त्यांनी दशरथमामांच्या हाताकडे बघितलं. त्यांच्या हातात दांडी तुटलेला कप होता. कामाला येणाऱ्या माणसाचा कप वेगळा, ही पद्धत आमच्याकडे इतकी मुरलेली की कुणी तसं ठरवलंही नव्हतं. बाईंनी कप बदलून घेतला. मामांना अवघडल्यासारखं झालं. बाई एक घोट प्यायल्या, कप खाली ठेवला, बोटांवर फुंकर मारली. "बोटं भाजतात हो," मला म्हणाल्या. "हीच बोटं मग बाबांना धरणार." बस, एवढंच. मी संध्याकाळी तो कप टाकला. आपण काहीतरी मोठी सुधारणा केली असं मला उगाचच वाटत राहिलं. पुढच्या खेपेला बाईंनी कप बघितला आणि मामांच्या जेवणाचं ताट कुठलं ते विचारलं.

पूजेची घंटाही त्यांनीच देव्हाऱ्यातून बाबांच्या उशाशी आणली. अर्धांगवायूने बाबांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणं अडखळत होतं, हाक मारायला साधन हवं होतं. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "अहो, ती देवाची घंटा." बाई म्हणाल्या, "देवाला नवी आणा. देव न बोलावता येतो. माणसं येत नाहीत." बाबांनी पुढे त्या घंटेचा असा काही वापर केला की शेजारचे विचारायला लागले, तुमच्याकडे सप्ताह बसलाय का?

पण हे सगळं नंतरचं. पहिल्या दिवशी त्या आल्या तेव्हा हसण्यासारखं घरात काही नव्हतं.

बाबा एमआयडीसीतल्या कंपनीत फोरमन होते. निवृत्तीनंतरही पहाटे उठून फिरायला जाणारा, वाटेत रिक्षावाल्यांशी भांडून येणारा माणूस. इस्पितळातून घरी आणताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे पहिले काही महिने महत्त्वाचे. रोज बसवा, उभं करा. आता उठले तर उठतील, नाहीतर कायमचे अंथरुणाला खिळतील. आणि बाबा तर उठायलाच तयार नव्हते. दशरथमामा उठवायला गेले की ते ओरडायचे. पुढे पुढे मामा खोलीत आले की तोंड भिंतीकडे फिरवायचे. मग एक दिवस आईंना बाबांचे कपडे बदलताना उजव्या दंडाखाली मोठा काळानिळा डाग दिसला. खांदाही सुजलेला.

आईंचा संताप मला अजून आठवतो. त्या ओरडल्या नाहीत. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा माणूस माझ्या नवऱ्याला गुरासारखा ओढतो. उद्यापासून मला तो घरात नको." नितीनने कॅमेरा बसवायचं काढलं. मी ब्यूरोला फोन केला. ब्यूरोवाला म्हणाला, माणूस बदलून देतो, पण आधी आमच्या बाई येऊन बघतील. मारहाणीचा संशय म्हणजे त्या माणसाला पुढे कुठेच काम मिळणार नाही, हे त्याने सांगितलं नाही. ते मला मामांच्या चेहऱ्यावरून कळलं.

तर बाई आल्या. बाबांना खुर्चीत बसवा म्हणाल्या, तेव्हा मामांनी बाबांच्या उजव्या बगलेत हात घातला आणि त्यांना उठवलं. बाबा कळवळले. आईंनी माझ्याकडे "बघितलंस?" अशा नजरेने बघितलं. बाईंनी पिशवी उघडली. चादर अंथरून झोपल्या. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात पदराने पोटाशी आवळून बांधला आणि उजवा पाय मेल्यासारखा सोडून दिला.

"मामा, मना उठव."

मामा पुढे झाले. बाबांसारखंच बाईंच्या उजव्या बगलेत हात घालून ओढायला लागले. बाईंचा देह काही साधा नव्हता. त्या अर्ध्या वर आल्या, कलल्या, आणि त्यांचा मोकळा डावा हात आधारासाठी इकडे तिकडे फिरायला लागला. हाताला भिंत लागली. सपाट, गुळगुळीत भिंत. हात तिच्यावरून घसरत खाली आला आणि बाईंचा सगळा भार त्या बांधलेल्या हातावर गेला.

"थांब," त्या म्हणाल्या. मामांनी त्यांना खाली टेकवलं.

बाई पडल्या पडल्या मान डावीकडे वळवून भिंत बघत राहिल्या. मग आईंना म्हणाल्या, "इकडे या. उभ्या नको, खाली वाका. माझ्या तोंडाशी तोंड आणा."

आई वाकल्या. मीही वाकले. गादीच्या उंचीवर भिंतीचा रंग एका हाताएवढ्या जागेत पार घासून गेला होता. खाली पांढरा चुना दिसत होता आणि त्यावर बोटांचे ओरखडे होते. बाबांच्या चांगल्या हाताचे. प्रत्येक वेळी उठताना तो हात काहीतरी धरायला शोधत होता आणि तिथे भिंत होती. आम्ही रोज त्या खोलीत कितीदा तरी जात होतो. उभ्याने.

"चांगली बाजू भिंतीला आणि गेलेली बाजू माणसाकडे," बाई उठून बसत म्हणाल्या. "मामा दुसरीकडून धरणार कुठून? पलंग असा कुणी लावला?"

मी दुकानवाल्याचं नाव सांगणार होते, तेवढ्यात मला आठवलं. भाड्याचा पलंग घेऊन आलेल्या पोरांनी तो नीटच लावला होता. बाबांची उजवी बाजू भिंतीकडे, डावी मोकळी. पण तसं लावल्यावर बाबांचे पाय दक्षिणेला येत होते. दक्षिणेला पाय करतात ते माणूस गेल्यावर. आईंनी ते बघितलं मात्र, त्याच क्षणी पलंग उलटा फिरवून घेतला. डोकं होतं तिथे पाय, पाय होते तिथे डोकं. त्याबरोबर बाजूही फिरल्या, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"मी बोललेलो आईंना, या बाजूने जड जातंय म्हणून," मामा खाली बघत म्हणाले. "पण आई म्हणाल्या पाय दक्षिणेला येतात. मग मी गप बसलो. माझ्या आईने पण फिरवलाच असता, मॅडम."

"गप बसलास ते बसलास, हात कशाला ओढलास? माणूस आहे का हातपंप?" बाई त्यांच्यावर कडाडल्या. "गेलेल्या हाताला धरून पेशंट उचलायचा नाही, हे ब्यूरोत शिकवलं की नाही मी?"

मामांनी मान खाली घातली. आई मात्र भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. ज्या माणसाला यमाच्या दिशेपासून वाचवायला त्यांनी पलंग फिरवला, त्याचाच खांदा त्या फिरवण्याने सुजला होता. शास्त्र नि विज्ञान यावर आता एक भाषण येणार, अशी मी मनाची तयारी केली. त्यांच्या जागी मी असते तर नक्की दिलं असतं.

बाई उठल्या, आईंजवळ गेल्या. "बाय गो," त्या म्हणाल्या, "बरोबरच केलास तू. जित्या माणसाचे पाय तिकडे कोन करील? आमच्यात पन नाय करत." मग वळून खोलीभर बघितलं आणि पुन्हा इस्पितळातल्या भाषेत आल्या. "पण दिशा काय दोनच आहेत? ते कपाट तिकडून काढा. पलंग खिडकीखाली आडवा लावा. डोकं पूर्वेला. म्हणजे उजवी बाजू भिंतीकडे जाते आणि डावी मोकळी होते. बघा चालतंय का."

आईंनी बोटाने हवेत दिशा मोजल्या. "पूर्वेला डोकं चांगलंच," त्या हळूच म्हणाल्या.

नितीन आणि मामांनी मिळून कपाट हलवलं. ते आता त्या घासलेल्या भिंतीपुढे उभं आहे. पलंग आडवा लागला. बाईंनी बाबांच्या कमरेला पंचा घट्ट बांधून दाखवला, हात न धरता पंच्याला धरून कसं उठवायचं ते मामांकडून दोनदा करून घेतलं. एकदा स्वतःला उठवायला लावलं आणि मग बाबांना. बाबांनी डाव्या हाताने पलंगाची लोखंडी कड धरली. घट्ट धरली. या वेळी ते ओरडले नाहीत. उठून बसले आणि ती कड बराच वेळ सोडायलाच तयार नव्हते. मामांकडे बघून ते काहीतरी पुटपुटले. मामांनी "असू दे, असू दे" म्हटलं.

मामांना बदलायची गोष्ट त्या दिवसानंतर निघाली नाही. रात्री आईंनी त्यांना कुळथाची पिठी आणि भात स्वतः वाढला. माफी वगैरे आमच्या सासूबाईंना मागता येत नाही, वाढता मात्र येतं.

बाईंबद्दल मला फार प्रेमाने लिहायचं होतं आणि मी हे काय त्यांच्या झोपण्याचं पुराण लावलंय. खरं तर त्या घरात आल्या की थोड्या नकोशाच वाटायच्या. फ्रीज उघडायच्या, बाथरूममधली फरशी पायाने घासून बघायच्या, बाबांच्या नखांपासून माझ्या आवाजापर्यंत सगळ्यावर बोट ठेवायच्या. एकदा पायपुसण्यावरून त्यांचं आणि माझं चांगलंच वाजलं. पाय अडकून पेशंट पडेल म्हणाल्या. मी म्हटलं, अहो पेशंट चालायला तर लागू दे. त्यावर त्यांनी ते पायपुसणं उचललं आणि जाताना आपल्या पिशवीत घालून घेऊन गेल्या. परत दिलं नाही.

त्यांची शेवटची तपासणी झाली तेव्हा बाबा खुर्चीत तासभर बसत होते. मामांच्या आधाराने उभे राहायचे, पण आपल्या आपण उठायचं म्हटलं की मान हलवायचे. मनातली भीती गेली नव्हती. बाईंचे गुडघे कामातून गेले होते, आता जिने जमत नाहीत, पुढच्या महिन्यापासून यायची नाही, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. हात धुतले, टॉवेलचा वास घेतला आणि या वेळी त्यालाच हात पुसले. चादर अंथरून झोपल्या. मामा सवयीने पुढे झाले.

"तू नको," बाई म्हणाल्या. आणि खुर्चीत बसलेल्या बाबांपुढे त्यांनी हात लांब केला. "तू उठव मना."

बाबांनी मामांकडे बघितलं. मामा जागचे हलले नाहीत. बाबांनी आईंकडे बघितलं. आई भाजलेले पोह्याचे पापड घेऊन दारात उभ्या होत्या. बाईंचा हात तसाच. "उठव ना. पाठ दुखतेय माझी," त्या म्हणाल्या, आणि ते बहुधा खरंही असावं.

बाबांनी डाव्या हाताने खुर्चीची दांडी धरली. पाय मागे घेतला, पुढे झुकले, एकदा परत बसले. मग पुन्हा झुकले आणि उठले. कुणी हात लावला नव्हता. डावी मांडी पलंगाला टेकवून त्यांनी तोल सांभाळला, दांडी सोडली आणि बाईंचा हात पकडून ओढायला लागले. फोरमन असताना कंपनीत मशीन अडलं की ओढत असतील तसे, दात ओठ खाऊन. बाई एक बोटभरसुद्धा हलल्या नाहीत. त्यांनी नेहमीसारखं सगळं अंग सोडून दिलं होतं, तपासणीत त्या कधी खोटेपणा करत नसत.

"ऊ... ठ," बाबा म्हणाले. "उठ की!"

"मी कनाला उठू?" बाई म्हणाल्या. "तू उठलास ना."

बाबांनी खाली आपल्या पायांकडे बघितलं. ते उभे होते. आईंच्या हातातल्या ताटलीतला एक पापड खाली पडला, तो कुणी उचलला नाही.